दुपारची पाळी

सकाळी त्या खोलीत कन्नड शाळा, दुपारी आमची.
बाक तेच, फळा तोच. फळा पुसायचा बोळा तेवढा
मुचंडीकर बाई पिशवीतून आणायच्या,
जुन्या लुगड्याचा, सुतळीनं आवळलेला.

धडा होता : इंग्लंडच्या मध्ययुगीन नगरातलं रोजचं जगणं.
बाई बेळगाव सोडून गेल्या होत्या त्या सौंदत्तीपर्यंत,
आणि एकदा मिरजेला, डोळे दाखवायला.
तरी एका दमात त्यांनी तट काढला,
चार वेशी, मधे उंच देऊळ (देऊळच म्हणाल्या)
आणि खालून नदी, खडूच्या तीन रेघांची.
"गल्ल्या आता तुम्ही सांगा."

खाटकांची आळी? कसाई गल्ली.
मासळीवाल्यांची? भोई गल्ली.
असं करत निम्मं गाव आम्ही समुद्रापार नेऊन ठेवलं.
कातडी कमावणारे नदीच्या खालच्या अंगाला,
वासामुळं.
दोघातिघांनी मागं वळून नागोजीकडं पाहिलं.
"खाली नदी जाते," बाई म्हणाल्या, "माणसं नाहीत. पुढं बोला."

विणकराकडं पोरगा सात वर्षं उमेदवारी करायचा,
मग कुठं स्वतःचा माग.
घरी सांगितलं तर आप्पा धोटा न थांबवता म्हणाले,
"सातच? मला अजून कुठं जमालंय."

वजनात मारणाऱ्या भट्टीवाल्याच्या गळ्यात
तोच पाव बांधून पेठेतून फिरवायचे.
तौसिफ किल्लेदारच्या अब्बांची कॅम्पात बेकरी.
बराच वेळ तो बाकावरची खिळ्याची रेघ कोरत राहिला.
"बाई, पाव निवला की वजन उतरतंय."
बाईंनी ते वहीत लिहून घ्यायला लावलं. सगळ्यांना.

रात्री घंटा व्हायची : विस्तव झाका.
लाकडाची घरं, एक ठिणगी पुरे.
आई चुलीवर राख ओढते तसं?
तसंच.

मग भाषा.
दरबारात एक, देवळात दुसरी, बाजारात तिसरी.
ज्याच्यावर खटला, त्यालाच निकाल कळायचा नाही.
वर्ग एकदम गप्प.
बाहेर एसटीनं उगाच भोंगा वाजवला.
भरमा हुंदरे उभा राहिला :
"खरं बाई, वेशीवरचा बोर्ड कुठल्या भाषेत?"

बाई हसल्या नाहीत. आधी खिडकी लावून घेतली.
"वाचणारेच थोडे होते. दुकानावर चित्र टांगायचे.
चांभाराच्या दारावर जोडा."
"तेच बरं," भरमा म्हणाला, आणि बसला.

घंटा झाली. नगर पुसायचं राहून गेलं.

दुसऱ्या दुपारी आलो तर
फळ्याच्या कडेला, अंग चोरून, त्यांचं गणित.
भागाकार नदीला टेकलेला, खरं ओलांडलेली नव्हती.
तट शाबूत. वेशी चार.
आणि देवळाच्या डाव्या हाताला, निळ्या खडूनं,
एक गोल. त्यावर रहाट.
खाली दोन अक्षरं, त्यांच्या लिपीत.

वाचता सगळ्यांनाच येत होतं.
मोठ्यानं कुणी वाचेना.
"बावि," शेवटी तौसिफ.
आम्ही घरात म्हणतो ती बावच,
शेवटचा इकार तेवढा गाळून.

खरंच की.
खाटीक आणले, भट्टी पेटवली, निकालसुद्धा लावले,
आणि एवढ्या माणसांना प्यायला पाणी नाही!

बाईंनी बोळा पिशवीतून काढलाच नाही.
पांढऱ्या खडूनं काठावर एक घागर काढली,
दोर लांब सोडून दिला.

शुक्रवारपर्यंत नगर तसंच राहिलं.
ते एका कोपऱ्यात गणित करायचे, आम्ही दुसऱ्यात भूगोल.
शनिवारी शिपायानं सारवलं सगळं ओल्या फडक्यानं.

परीक्षेत आलं : तटबंदीची कारणे लिहा. गुण चार.
मला तीनच सुचली.